डाव्या खणातली गोळी

गावाच्या मोठ्या रस्त्यावर बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर जे लॉज आहे, तिथे राहायला खोली मिळत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दर वर्षी दोन-तीन परगावचे लोक बॅगा घेऊन तो जिना चढतात, दार ठोठावतात आणि आंघोळीला गरम पाणी मिळेल ना, असं विचारतात. ते लॉज फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुमंडळाचं आहे. म्हणजे महिन्यातून एकदा संध्याकाळी आठ माणसं तिथे जमतात, कमरेला पांढरे एप्रन बांधतात, दार लावून घेतात आणि दोन तासांनी जेवून घरी जातात. त्यांच्यातलाच एक, गावचा पोस्टमन, दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहतो. तलवारीला धार नाही आणि पोस्टमनला डुलकी आवरत नाही, पण उभा राहतो एवढं खरं.

आत काय चालतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे. कोणी म्हणतं तिथे कवटी आहे, कोणी म्हणतं भुयार आहे. माडीवर भुयार कसं असेल, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

खरी हकिगत त्यापेक्षा साधी. तीन पिढ्यांपूर्वी नदीवर दगडी पूल बांधायला गवंडी आणि सुतारांची एक टोळी आली. पुलाला सहा वर्षं लागली. तोवर निम्म्यांची इथेच लग्नं झाली, पोरंबाळं झाली, मग ते राहिलेच. त्यांच्यातल्या अकरा जणांनी एका गोठ्यात हे लॉज सुरू केलं. पुढे माडी बांधली, मागच्या अंगणात अक्रोडाचं झाड लावलं आणि नियम केला, की आतलं लाकडाचं जे काही मोडेल ते याच झाडाच्या लाकडाने दुरुस्त करायचं, बाहेरचं लाकूड आत आणायचं नाही. असले नियम करणारे मरून मोकळे होतात आणि पाळणाऱ्यांची पंचाईत होते. एके काळी इथे बाहत्तर सभासद होते. शाळेवर छप्पर त्यांनी घातलं. ज्या घरातला कर्ता माणूस गेला असेल, त्या घराच्या दारात थंडीभर दर पंधरवड्याला सरपणाचा ढीग येऊन पडायचा आणि तो कोणी टाकला ते कोणी सांगायचं नाही. मग म्हातारे गेले, तरुण शहरात गेले, आणि उरले आठ. सातांच्या खाली गेलं की लॉज उघडताच येत नाही, असा आणखी एक नियम. म्हणजे दोघांना एकदम सर्दी झाली तरी लॉजला कुलूप.

या आठांपैकी एक गुण्याभाऊ. हे त्यांचं खरं नाव नव्हे. सुतार कोपरा काटकोनात आहे की नाही हे ज्या अवजाराने बघतो त्याला गुण्या म्हणतात, आणि हा माणूस गुण्या खिशात घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायला बसले तरी भिंतीवरची तसबीर बोटाने सरळ करून मगच पेला हातात घेत. उंच, काटक, भुवया भरघोस, बोलणं मोजकं. चाळीस वर्षांत त्यांनी केलेली एकही वस्तू 'हलते', 'कुरकुरते' किंवा 'लागत नाही' म्हणून परत आली नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसले तरी समोरच्याला माहीत असावं अशी त्यांची माफक अपेक्षा असे. लॉजमध्ये ते शिरले तेही अवजारांपायी. ऐन पंचविशीत त्यांनी त्या दारावर कोरलेला गुण्या आणि कंपास पाहिला आणि आपल्याच धंद्याची माणसं दिसताहेत म्हणून वर गेले. वर केमिस्ट, स्टेशनमास्तर, शेतकरी असे वीसेक जण होते, ज्यांच्यापैकी कोणालाही खिळा सरळ ठोकता येत नव्हता. तरी गुण्याभाऊ राहिले. एकमेकांना भाऊ म्हणणारी माणसं त्यांना आवडली. त्यांना स्वतःला सख्खा भाऊ नव्हता.

बायकोने सुरुवातीला, तिथे करता काय, असं विचारून पाहिलं. उत्तर मिळेना तेव्हा तिने ठरवून टाकलं की हे लोक तिथे नुसते झोपा काढतात, आणि तेव्हापासून ती सुखी होती.

एकुलती एक मुलगी. ती वर्कशॉपमध्ये भुशात खेळून वाढली. सहा वर्षांची होती तेव्हा डोळे मिटून ढलपी हुंगायची आणि लाकडाचं नाव सांगायची. तिने लग्न स्वतःच ठरवलं. मुलगा शांत, कष्टाळू, वडील लहानपणीच वारलेले. गुण्याभाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ आहे, एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच पावती होती. पण लग्नानंतर दोन वर्षांनी जावयाने दुकान काढलं, आणि तेही कसलं, तर तयार फर्निचरचं. शहरातून खोक्यांत यायचं, चार स्क्रू पिळले की कपाट उभं.

दुकानाच्या उद्घाटनाला चाळीसेक माणसं जमली होती. गुण्याभाऊंनी एका टेबलाचा ड्रॉवर बाहेर ओढला, खिशातून गुण्या काढून त्याच्या कोपऱ्याला लावला आणि मधली फट सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे लाकूड नाही," ते म्हणाले. "भुसा आणि सरस. एकदा पाणी लागू द्या, लगदा होतो की नाही बघा." हसणारे हसले. सहा महिन्यांची पोटुशी मुलगी हातात सरबताचा ट्रे घेऊन उभी होती, ती हसली नाही. जावयाने त्यांच्या हातातला ड्रॉवर हळूच घेतला, टेबलात बसवला आणि पाहुण्यांना आत या म्हणाला.

त्यानंतर चार वर्षं सासरे-जावयांचं बोलणं हवापाण्यापुरतं राहिलं. मुलगी दर रविवारी यायची, नातीला आणायची. जावई त्यांना दाराशी सोडून गाडीतूनच हात हलवायचा. आणि गाव तर काय, असल्या गोष्टी जपून ठेवायला बसलेलंच असतं.

पण गावाला एक गोष्ट माहीत नव्हती. गुण्याभाऊंकडे अधूनमधून मोडक्या खुर्च्या, निखळलेले पलंग घेऊन माणसं येत, आणि कोणी पाठवलं असं विचारलं की म्हणत, त्या नव्या दुकानवाल्याने. एकदा एक बाई आजीचा पाळणा घेऊन आली. तिने तर दुकानदाराचे शब्दच सांगितले: हे काम माझ्या दुकानातलं नाही, माझ्या सासऱ्यांकडे न्या, त्यांच्याइतकं कोणाला जमायचं नाही. गुण्याभाऊ "हं" म्हणाले आणि पाळण्याची दांडी बघायला लागले. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला, एवढाच काय तो फरक बायकोच्या लक्षात आला. आपलं चुकलं होतं, असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं. पण वाटणं आणि जाऊन सांगणं यांच्यात अशा माणसांची आयुष्यं निघून जातात.

मग त्या थंडीत जावयाने लॉजमध्ये येण्याची इच्छा दाखवली. केमिस्ट त्या वर्षी लॉजचे प्रमुख होते. त्यांच्या काउंटरशी उभा राहून तो म्हणाला, की वडील गेले त्या थंडीत आमच्या दारात सरपण यायचं. कोणी टाकलं ते आई मरेपर्यंत शोधत होती. मला आत्ता कळलं. मला त्यात हात लावायचाय.

केमिस्ट हे सांगताना चष्मा पुसत होते. ऐकणाऱ्यांत गुण्याभाऊही होते. त्यांनी मान खाली घातली आणि बुटाचं टोक बघत राहिले.

आता इथे लॉजची निवडीची पद्धत सांगायला हवी. एक लाकडी पेटी आहे, वरून तोंड रुंद, खाली दोन खण. तोंडाला कापडाची बाही, म्हणजे हात आत गेला की कोणाला काही दिसत नाही. प्रत्येकाला एकच गोळी मिळते, वाटाण्यापेक्षा जरा मोठी. माणूस हवा असेल तर उजवीकडे टाकायची, नको असेल तर डावीकडे. मधे एक उभी फळी. डाव्या खणात एक जरी गोळी निघाली, तरी माणूस नाकारला. वर्षभर त्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. आणि आपण गोळी कुठे टाकली हे कोणी कोणालाही सांगायचं नाही, भावाला नाही, बायकोला नाही, मरतानाही नाही. पूर्वी एकाने सांगितलं होतं आणि त्यापायी दोन घरांनी पंचवीस वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून याची शपथच असते.

मतदानाला आठ दिवस राहिले असताना केमिस्टनी पेटी काढली, तर मधली फळी वाळवीने खाल्लेली. हात लावला तशी पीठ होऊन पडली. केमिस्ट म्हणाले, असू दे, मतदान पुढे ढकलू. पण पुढे पेरण्यांचे दिवस, लॉज तीन महिने बंद. म्हणजे तीन महिने थांबणं आलं.

"थांबायला नको," गुण्याभाऊ म्हणाले. "मी करतो."

अडचण लाकडाची होती. नियमाप्रमाणे अक्रोड हवा अंगणातला. जुन्या वाळलेल्या फळ्या केव्हाच संपल्या होत्या. मागच्या वादळात पडलेली एक फांदी तेवढी होती, आठ महिन्यांची, आतून ओली. अक्रोडाला दोन वर्षं वाळू द्यावं लागतं, हे त्यांनी शंभर जणांना सुनावलं असेल. त्याच माणसाने ती फांदी चिरली, फळी रंध्याने साफ केली, तीन दिवस चुलीच्या उबेला ठेवली आणि चौथ्या दिवशी पेटीच्या खाचेत बसवली. बसली मात्र अशी की मधे पत्ता सरकला नसता. केमिस्टनी पेटी लॉजच्या फडताळात ठेवली, बरोबर लोखंडी शेगडीच्या वर, कारण तिथे ओल नसते.

मतदान झालं. पोस्टमनसुद्धा तलवार दाराला टेकवून आत येऊन गोळी टाकून गेला. केमिस्टनी उजवा खण ओढला, सात. डावा खण ओढला.

एक.

 केमिस्टनी ठरलेले शब्द कसेबसे म्हटले. जेवणाच्या वेळी चमच्यांचे तेवढे आवाज येत होते.

गुप्तता पाळण्याची शपथ घेतलेल्या आठ माणसांची बातमी दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सकाळी नवाच्या आत पोचली. आणि ती गोळी कोणाची, यावर गावाला मिनिटभरही विचार करावा लागला नाही. केमिस्टनी नाव सुचवलं होतं, स्टेशनमास्तरांनी दुजोरा दिला होता, बाकीच्यांचं जावयाशी काही वाकडं नव्हतं. उरलं कोण? ड्रॉवर वर धरणारा.

मुलगी रविवारी आली, पण एकटी. उंबऱ्यातच उभी राहिली. "बाबा, गोळी तुम्ही टाकलीत का? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

गुण्याभाऊंनी हातातली पटाशी खाली ठेवली. "ते मला सांगता येत नाही, बाळ."

"मला पण नाही?"

"कोणालाच नाही."

ती जायला वळली. मग म्हणाली, की त्यांच्या आईला सरपण मिळालं होतं म्हणून ते तुमच्याकडे येत होते, दुकानासाठी नव्हे. आणि गेली. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. ती आली नाही, नात आली नाही. नात चार वर्षांची. तिच्यासाठी त्यांनी एक छोटं स्टूल करायला घेतलं होतं, त्याचे तीन पाय झाले होते. चौथा पाय करायला त्यांचा हात वळेना.

एक शब्द बोलले असते तर सगळं मिटलं असतं. बायकोने हे त्यांना साध्या भाषेत सांगितलं, मग चढ्या भाषेत सांगितलं. "तुमच्या त्या एप्रनवाल्यांपायी पोटची पोर जड झाली का? तुम्ही टाकली असेल तर तसं सांगा, नसेल तर तसं सांगा. मी काय तुमच्या शपथेची पूजा करू?" ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि त्या घरात बोलणारी तीच होती, त्यामुळे शांतता फार झाली.

गुण्याभाऊंनी गोळी उजवीकडे टाकली होती. ते त्यांनी सांगितलं नाही. हट्टी म्हणा, वेडे म्हणा. मला विचाराल तर मीही त्यांना चार शब्द सुनावले असते. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी खिळ्यावर खिळा ठोकून काम भागवलं नाही, तो शपथेच्या बाबतीत भागवून घेईल ही अपेक्षाच चुकीची होती.

त्यांना खरी कुरतडत होती ती वेगळीच गोष्ट. आपण नाही, तर मग कोण? त्या सात जणांपैकी एकाने वर हसून खाली हे केलं होतं. पेरण्यांनंतर लॉज पुन्हा उघडलं, तसे ते बैठकीत सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत बसत. शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरवर ठपका ठेवला. कारण काही नाही, त्या दिवशी डॉक्टरने पेटीत हात जरा जास्त वेळ ठेवला होता. तीस वर्षांची मैत्री, पण रस्त्यात दिसला की गुण्याभाऊ दुसऱ्या बाजूने जायला लागले. डॉक्टर बिचारा दोनदा थांबला, हाक मारली, मग त्यानेही सोडून दिलं.

पाच महिने असे गेले. वर्षातून एकदा लॉजच्या लाकडी सामानाला तेल लावायचं काम गुण्याभाऊंकडे असे, त्यात पेटीही घरी आली. दुपारची वेळ होती. तेलाचं फडकं हातात घेऊन त्यांनी पेटीतली एक गोळी सहज उजवीकडे टाकली. पडल्याचा आवाज आला, घरंगळल्याचा आला, पण तो थांबायला हवा तिथे थांबला नाही. पुढे गेला. त्यांनी उजवा खण ओढला. रिकामा. डावा ओढला, तर गोळी तिथे.

त्यांनी पुन्हा टाकली, ती उजवीकडे राहिली. पुन्हा टाकली, राहिली. चौथ्यांदा ती डावीकडे गेली. मग त्यांनी वरचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. फळीला बाक आला होता. सुकता सुकता ती आक्रसली होती, वाकली होती आणि मागच्या कोपऱ्यात खाचेतून वर निघाली होती. खाली करंगळी जाईल एवढी वाट होती.

गुण्याभाऊ तिथेच जमिनीवर बसले. आधी त्यांना हायसं वाटलं, अगदी लहान मुलासारखं, की कोणी वैरी नव्हताच, आठही गोळ्या उजवीकडेच पडल्या होत्या. मग डॉक्टर आठवला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग उरलेलं ध्यानात आलं. मुलीचं घर त्यांच्यापासून तोडलं ते कोणी दुसऱ्याने नव्हे, त्यांच्याच हातच्या कामाने. चाळीस वर्षांत एक काम बिघडलं, आणि ते हे.

गप्प बसणं सोपं होतं. नवी फळी बसवली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. एक दिवस त्यांनी तसा विचार केलासुद्धा, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पेटी पिशवीत घालून केमिस्टकडे गेले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, "माझं काम चुकलं. ओलं लाकूड वापरलं मी."

केमिस्टनी गोळ्या टाकून पाहिल्या.  मग जपून म्हणाले, की माझा विश्वास आहे भाऊ, पण पेटी चार दिवस तुमच्या घरी होती. फळी तुम्हीच आता वाकवून आणलीत, असं कोणी म्हटलं तर? मतदान पुन्हा घ्यायला मी सगळ्यांना सांगेन, पण तुम्ही तयारी ठेवा.

आणि तसंच झालं. संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले. एक म्हणे, गुण्याभाऊंच्या हातचं काम बिघडलं, ऐकलंत का, आता काय राहिलं! दुसरा म्हणे, छे, त्यांचं काम बिघडेल कसं, पोर तुटली म्हणून म्हाताऱ्याने ही युक्ती काढलीय. एका पक्षाने त्यांची सुतारी काढून घेतली आणि दुसऱ्याने खरेपणा. फक्त डॉक्टरकडे ते स्वतः गेले, गोठ्यात उभे राहून मी तुझ्यावर संशय घेतला असं सरळ सांगितलं. डॉक्टर गाईच्या पोटाला कान लावून बसला होता. तो म्हणाला, "मीही तुमच्यावरच घेतला होता," आणि पुन्हा कान लावला.

दोन दिवसांनी दुपारी वर्कशॉपसमोर गाडी थांबली. मुलगी उतरली. जावई नेहमीसारखा आतच बसून राहिला. तिने बापाकडे पाहिलं नाही, सरळ बाकाशी आली.

"मला ती फळी बघायचीय."

गुण्याभाऊंनी क्षणभर विचार केला. पेटी लॉजची होती, ती बाहेरच्याला दाखवायची नसते. पण फळी त्यांनी केली होती, आणि केमिस्टनी नवी बसवायला पेटी परत दिल्यावर त्यांनी ती काढून बाकावर ठेवली होती. त्यांनी फक्त बाजूला सरकून जागा दिली.

तिने फळी उचलली. उजेडाकडे धरून तिची धार पाहिली. नखाने टोकाची शीर चाचपली, पालथी केली, पाठीवरून अंगठा फिरवला. मग लहानपणी करायची तशी नाकाशी नेली. गुण्याभाऊ तिच्या हातांकडे बघत होते. ते हात त्यांनीच शिकवलेले होते, आणि आज तेच हात त्यांचं काम तपासत होते.

"ही कोणी वाकवलेली नाही," ती म्हणाली. "आपली आपण वाकलीय. अंगणातला अक्रोड ना? मागच्या वादळातली फांदी?"

"हो."

"म्हणजे तेव्हा वर्षाचीही नव्हती."

"आठ महिने."

"बाबा, माझ्या शाळेच्या पट्टीलासुद्धा तुम्ही दोन वर्षांचं लाकूड घेतलं होतं." तिचा आवाज आता जरा बदलला होता. "आठ महिन्यांचं लाकूड तुम्ही हातात कसं धरलंत?"

"वाळलेलं नव्हतं दुसरं. आठच दिवस होते."

"मग मतदान पुढे ढकलायचं."

"तीन महिने गेले असते."

"जाऊ द्यायचे. केमिस्टकाका म्हणाले नव्हते, पुढे ढकलू म्हणून?"

"म्हणाले होते."

"मग?"

गुण्याभाऊंनी रंधा उचलला, त्याचं पातं पाहिलं, परत ठेवला. "थांबायचं नव्हतं," ते म्हणाले.

ती एकटक त्यांच्याकडे बघत राहिली. शेजारच्या खोलीत बायको भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज थांबला. ती ऐकत होती हे उघड होतं.

"नको असते," मुलगी हळू म्हणाली, "तर थांबला असतात. बाबा, तुम्हाला हे नको असते तर तुम्ही लाकूड वाळेपर्यंत थांबला असतात. दोन वर्षं थांबला असतात आणि वर नियम दाखवला असतात."

गुण्याभाऊंचा चेहरा लाल झाला. "मी काहीही सांगितलेलं नाही," ते घाईघाईने म्हणाले.

"नाही. तुम्ही काही सांगितलं नाहीत."

"शपथ आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि फळी छातीशी धरून तिथेच भुशात बसून रडायला लागली. पाच महिन्यांचं एकदम रडली. गुण्याभाऊंना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो जड पडतोय असं वाटून उचलला, आणि पुन्हा ठेवला.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, उठली, दाराशी गेली आणि रस्त्याकडे हाक मारली.

"अहो, आत या. बाबांनी बोलावलंय."

बाबांनी बोलावलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं. जावई उतरला, पण अर्ध्या वाटेत थबकला आणि खरं-खोटं कळावं म्हणून सासऱ्यांच्या तोंडाकडे बघायला लागला. गुण्याभाऊ भुसा तुडवत दारापर्यंत गेले.

"हो," ते म्हणाले. "मी बोलावलंय. या."